आमच्या पारनेरच्या विहिरी उत्तर ध्रुवाकडे कशा गेल्या?

(ज्यांना ऐकायला वेळ नाही, एसटीत रेंज नाही किंवा जे हेडफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना घसरलेली वाक्यं थोडी सरळ केलीत आणि मध्येच वाजलेल्या कुकरच्या शिट्ट्या गाळल्यात. बाकी जसं बोलले तसं.)



आज सुरुवात एका बेटापासून करते. नॉर्वेच्या उत्तरेला, बॅरेंट्स समुद्राच्या कडेला एक बेट आहे. नॉर्वेजियन लोक त्याला ब्यॉर्नोया म्हणतात, इंग्रजीत बेअर आयलंड, म्हणजे अस्वलाचं बेट. १५९६ साली विलेम बॅरेंट्स नावाचा डच दर्यावर्दी तिथं पोचला. आज तिथं एक हवामान केंद्र आहे, त्यात काम करणारी मोजकी माणसं आहेत, आणि बाकी सगळे समुद्रपक्षी. झाड औषधालाही नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, रात्री साडेअकराला, माझ्या लॅपटॉपवर या बेटावर १८७ विहिरी होत्या. शिवाय हापसे, बोअर आणि एक बारव.

विहिरी आमच्या होत्या. पारनेर तालुक्यातल्या, माझ्या मामाच्या गावच्या. अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे आपलं जुनं नगर. पावसाचं गणित तिकडे कसं असतं ते तिकडच्यांना सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून कळायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामसभा होती. कुठल्या विहिरींचा गाळ आधी काढायचा आणि टँकर कुठल्या वस्तीवर थांबवायचा, हे तिथं ठरणार होतं. मामेभावंडं आणि त्यांचे मित्र अशा नऊ जणांनी तीन आठवडे उन्हातान्हात फिरून प्रत्येक विहिरीजवळ उभं राहून फोनवर लोकेशन घेतलं होतं. "ताई, तू पुण्यात काम्प्युटरवर असतेस ना, तू नकाशा कर," म्हणून ती यादी माझ्याकडे आली. मी नकाशा केला. आणि गाव आर्क्टिकमध्ये गेलं.

आजचा भाग त्या रात्रीबद्दल आहे, आणि त्यानंतर मी जे शिकले त्याबद्दल. आपण रोज "लोकेशन पाठव" म्हणतो ना, त्या लोकेशनच्या पोटात काय असतं, आणि ते एका माणसाच्या फोनमधून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये धडपणे पोचावं म्हणून जगानं काय काय ठरवून ठेवलंय, त्याबद्दल.

दोन आकडे, पण आधी कुठला?

तुमचं लोकेशन म्हणजे दोन आकडे. पारनेरचं साधारण १९.०० आणि ७४.४४. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. शाळेत आपण "अक्षांश-रेखांश" याच क्रमानं शिकलो, मॅप्सच्या अ‍ॅपमध्ये बोट दाबून धरलं की याच क्रमानं दिसतात, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकमध्येही हाच क्रम.

पण आलेख कागद आठवा. तिथं आधी एक्स, मग वाय. आधी आडवं, मग उभं. नकाशावर आडवं म्हणजे पूर्व-पश्चिम, म्हणजे रेखांश! त्यामुळे प्रोग्रामर मंडळींनी बनवलेल्या बऱ्याच गोष्टींत रेखांश आधी येतो. जिओजेसन नावाची फाइल असते, वेबवरच्या नकाशांत सर्रास वापरतात. तिचं स्टँडर्ड ऑगस्ट २०१६ मध्ये आरएफसी ७९४६ या नावानं आलं. त्यात स्पष्ट लिहिलंय की आधी रेखांश, मग अक्षांश. गुगल अर्थची केएमएल फाइल, तिच्यातही रेखांश आधी. उलट ईपीएसजी ४३२६ ही जी जगभर वापरली जाणारी व्याख्या आहे, तिच्यात अधिकृतपणे अक्षांश आधी. म्हणजे नियम नाही असं नाही. नियम आहेत, आणि ते दोन आहेत. हे जास्त वाईट.

माझं काय झालं? पोरांनी एक्सेलमध्ये दोन कॉलम केले होते, "लोकेशन १" आणि "लोकेशन २". मी ती यादी क्यूजीआयएसमध्ये ओढली. क्यूजीआयएस म्हणजे नकाशांचं फुकट आणि खुलं सॉफ्टवेअर. गॅरी शर्मन नावाच्या माणसानं २००२ मध्ये ते सुरू केलं आणि आता जगभरातले लोक मिळून ते चालवतात. त्यानं विचारलं, एक्स कुठला, वाय कुठला? मी झोपेत होते. पहिला तो एक्स, दुसरा तो वाय. ओके.

आता गंमत बघा. ७४ उत्तर अक्षांश आणि १९ पूर्व रेखांश, हे पृथ्वीवरचं खरंखुरं ठिकाण आहे. त्यामुळे सॉफ्टवेअरनं हूं की चूं केलं नाही. पारनेरचे आकडे उलटे केले की तुम्ही बरोब्बर त्या अस्वलाच्या बेटावर उतरता. पुण्याचे उलटे केले तर बेटाच्या दक्षिणेला, पाण्यात. अख्ख्या महाराष्ट्राचे रेखांश साधारण ७२ ते ८१ मध्ये आहेत, आणि अक्षांश ९० पर्यंत असू शकतो. म्हणून आपल्याकडची अदलाबदल कधीच "चुकीची" ठरत नाही, ती फक्त दुसरीकडे जाते. आम्ही गुवाहाटीचे असतो तर ९१ आकडा बघून सॉफ्टवेअर अडखळलं तरी असतं.

यावर माझा उपाय अगदी गावठी आहे, पण पक्का. महाराष्ट्रात असाल तर लहान आकडा अक्षांश, मोठा आकडा रेखांश. १५ ते २२ च्या दरम्यान दिसला की अक्षांश, ७२ ते ८१ मध्ये दिसला की रेखांश. आणि कॉलमला "लोकेशन १" असलं नाव द्यायचं नाही. "अक्षांश" लिहायचं. जीपीएक्स नावाची फाइल, जी ट्रेकिंगवाले वापरतात, तिच्यात प्रत्येक आकड्यापुढे त्याचं नाव लिहिलेलं असतं, लॅट इतका, लॉन इतका. त्यामुळे तिथं ही भानगडच होत नाही.

हां, एक राहिलं. बेटावर १८७ होत्या, पण यादीत १९० नोंदी होत्या. उरलेल्या तीन आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात सापडल्या. तिथं शून्य अक्षांश आणि शून्य रेखांश एकमेकांना छेदतात. फोनला उपग्रह सापडले नव्हते आणि पोरांनी रिकाम्या जागी शून्य भरलं होतं. या जागेला नकाशावाले गमतीनं "नल आयलंड" म्हणतात. बेट नाहीच तिथं, एक तरंगता बोया होता. जगभरातल्या हरवलेल्या नोंदी तिथं गोळा होतात.

"कुठली पायली?"

रात्री बारा वाजता एक्स-वायची अदलाबदल केली, विहिरी गावात परत आल्या. मी खूश. मग मला हुशारी सुचली. मित्राकडून गावाच्या भागाचा सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना टोपोशीट स्कॅन मिळाला होता. त्यावर ओढे, जुन्या विहिरी, पायवाटा सगळं सुरेख छापलेलं. म्हटलं, हा खाली ठेवू आणि वर आपल्या विहिरी. कोपऱ्यांवर अक्षांश-रेखांश छापलेले होतेच, ते टाकले, स्कॅन जागेवर बसवला, रंगीत प्रिंट काढली.

सकाळी ग्रामसभेत प्रिंट भिंतीवर लागली आणि पाच मिनिटांत आवाज चढले. आमच्या मामांच्या भाऊकीत ओढ्याकाठी एक विहीर आहे. ओढ्याच्या अलीकडे मामांचा गट, पलीकडे चुलत्यांचा. माझ्या नकाशात ती विहीर ओढ्याच्या पलीकडे गेली होती. चुलते उठले, चष्मा पुसला, नकाशाजवळ गेले आणि म्हणाले, "बघा, सरकारी नकाशात आमच्याकडंच दिसतीय." मामा माझ्याकडे बघायला लागले. मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं.

तेव्हा उत्तर नव्हतं माझ्याकडे. मी एवढंच म्हणाले की नकाशात काहीतरी चूक आहे, मी शोधते, तोवर हा नकाशा कुठल्याही हद्दीसाठी धरू नका. गुरुजींनी, म्हणजे गावातल्या निवृत्त शिक्षकांनी, प्रिंट गुंडाळून ठेवली आणि त्या दिवशीचा निर्णय तोंडी माहितीवरच झाला.

चूक काय होती ते सांगते, कारण ही चूक फार लोक करतात.

आमच्या आजीला कोणी "दोन पायली बाजरी" म्हटलं की ती आधी विचारते, कुठली पायली? कारण तिच्या लहानपणी पायलीचं माप गावागणिक कमीजास्त असायचं. अक्षांश-रेखांशाचंही तसंच आहे. १९ अक्षांश म्हणजे कुठल्या मापाचा १९?

पृथ्वी काही नेमकी गोल नाही. मोजण्यासाठी तिचा एक गुळगुळीत, जरासा चपटा आकार कल्पावा लागतो आणि तो कुठं, कसा बसवायचा हे ठरवावं लागतं. या ठरावाला डेटम म्हणतात. भारतात विल्यम लॅम्बटननं १८०२ मध्ये मद्रासकडून मोजणी सुरू केली, त्यातून पुढे भारताचं मोठं त्रिकोणमितीय सर्वेक्षण उभं राहिलं. त्याच्यानंतर आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टनं १८३० मध्ये पृथ्वीच्या आकाराचे आकडे मांडले. हो, ज्याचं नाव शिखराला दिलं तोच. हा आकार भारताच्या भूभागाला चांगला बसावा असा होता, आणि त्याचा आधारबिंदू मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरला. आपले जुने टोपोशीट त्या मापाचे.

तुमचा फोन मात्र उपग्रहांचं ऐकतो. त्यांचं माप डब्ल्यूजीएस ८४, जे अख्ख्या पृथ्वीच्या केंद्राला धरून बसवलेलं आहे. म्हणजे एकाच विहिरीचे एव्हरेस्टच्या मापानं एक आकडे आणि फोनच्या मापानं दुसरे आकडे. दोन्ही बरोबर! पण एकाचे आकडे दुसऱ्याचे समजून टाकले, तर आपल्या भागात शंभर मीटरच्या वर फरक पडतो. ओढा ओलांडायला एवढा पुष्कळ झाला.

सॉफ्टवेअरला हे सांगायची सोय आहे. जगातल्या सगळ्या मापांना नंबर दिलेले आहेत, त्यांना ईपीएसजी कोड म्हणतात. ही यादी मुळात तेल कंपन्यांच्या सर्वेक्षकांनी सुरू केली, कारण समुद्रात भोक पाडायला शंभर मीटरची चूक त्यांनाही परवडत नव्हती. फोनच्या मापाचा नंबर ४३२६. भारताच्या कल्याणपूर १९७५ या मापाचा नंबर ४१४६. मी स्कॅन बसवताना ४१४६ सांगायला हवं होतं, मी ४३२६ सांगितलं. चार आकड्यांचा एक रकाना. क्यूजीआयएसला योग्य नंबर दिला की तो दोन मापांतला बदल स्वतः करतो, तुम्हाला गणित करावं लागत नाही.

ही चूक ओळखायची कशी? इथं मला एक गोष्ट फार उपयोगी पडली. मी नकाशावर दहा जागा निवडल्या ज्या बदलत नाहीत, देऊळ, बारव, ओढ्यांचा संगम. प्रत्येक जागी स्कॅन आणि सॅटेलाइट फोटो यांत किती फरक पडतो ते बघितलं. सगळीकडे फरक जवळपास सारखाच आणि एकाच दिशेला. सगळं मिळून एकाच बाजूला सरकलं असेल तर माप चुकलंय. एक बिंदू इकडे, एक तिकडे, असं विस्कटलेलं असेल तर ती फोनची चूक. मोकळ्या आभाळाखाली साध्या फोनचं लोकेशन पाचेक मीटरच्या आत येतं, आणि झाडाखाली किंवा दरडीजवळ जास्त फसतं.

दुरुस्त नकाशात विहीर अलीकडे आली. मामांनी चहा पाजला. चुलत्यांनी मात्र जे म्हटलं ते मला जास्त पटलं. "पोरी, आज तू इकडं सरकवली, उद्या दुसरं कोणी तिकडं सरकवंल. आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?" म्हणून हे ठणकावून सांगते. फोननं किंवा क्यूजीआयएसनं काढलेला नकाशा हद्द ठरवायला चालत नाही. बांधाचा वाद असेल तर भूमी अभिलेखची रीतसर मोजणी, दुसरं काही नाही. आमचा नकाशा पाण्यासाठी होता. आता त्याच्या खालच्या कोपऱ्यात ते मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि शेजारी कुठलं माप वापरलंय त्याचा नंबरही.

मापावरून आणखी एक, पटकन. शेततळ्याचं क्षेत्रफळ काढताना माझं पहिलं उत्तर बारा टक्के जास्त आलं होतं. वेबवरचे नकाशे जो सपाट आकार वापरतात, ईपीएसजी ३८५७, त्यात विषुववृत्तापासून जसजसं वर जाल तसतसं सगळं फुगतं. ग्रीनलंड एवढं अवाढव्य दिसतं ते त्यामुळेच. आपल्या १९ अक्षांशावर क्षेत्रफळ सुमारे बारा टक्के फुगतं. मोजायचं असेल तर यूटीएम वापरा. मुंबई, पुणे, नगर, अमरावतीपर्यंत ३२६४३. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीवाल्यांनो, तुम्ही ७८ रेखांशाच्या पूर्वेला, तुमचा नंबर ३२६४४.

गुरुजींची वही

आता ज्या गोष्टीसाठी मला हा भाग खरं तर करायचा होता, ती.

ग्रामसभेनंतर गुरुजी मला म्हणाले, "बाई, तुझ्या नकाशात विहिरी आहेत, पण पाणी कुठंय?" म्हणजे काय, तर विहीर कुठं आहे हे गावाला माहीतच आहे. माहीत नसतं ते हे की दरवर्षी मेमध्ये तिचं पाणी किती खोल जातंय. शेजारच्या नगर तालुक्यातलं हिवरे बाजार पाण्याचा ताळेबंद मांडतं, हे सगळ्यांनी ऐकलेलं. तसं काही करायचं तर आधी नोंदी हव्यात, आणि एका वर्षाच्या नोंदींना अर्थ नसतो.

कळलं की नोंदी होत्या! गुरुजींनी आणि गावातल्या दोन तरुणांनी आधीची तीन वर्षं, दर मे आणि ऑक्टोबरला, साठेक विहिरींत दोरी सोडून पाण्याची खोली मोजली होती. आणि ती भरली होती एका फुकट अ‍ॅपमध्ये. नाव घेत नाही. दिसायला छान, मराठीत, फोटो काढायची सोय. चौथ्या वर्षी अ‍ॅप बंद पडलं. आधी "सेवा तात्पुरती बंद", मग लॉगिनच होईना. मी मेल केले, उत्तर आलं नाही. त्या अ‍ॅपमध्ये माहिती बाहेर काढायचं बटणच नव्हतं. तीन वर्षांचं काम, तीन उन्हाळे, आणि हातात उरले मोजके स्क्रीनशॉट.

गुरुजींकडे मात्र एक दोनशे पानी वही होती. अ‍ॅपवर विश्वास नाही म्हणून नव्हे, सवय म्हणून. त्यात "जुन्या वडाजवळची", "म्हसोबाच्या माळावरची", "पाटलाची पडकी" अशा नावांनी पहिल्या दोन वर्षांचे आकडे होते. तिसऱ्या वर्षी त्यांनी लिहिणं सोडलं होतं, कारण पोरं म्हणाली, गुरुजी आता कशाला, अ‍ॅपमध्ये आहे ना.

तिसरं वर्ष गेलं ते गेलंच. नेमकं ते दुष्काळाचं होतं.

तेव्हा मला "खुलं स्टँडर्ड" या कंटाळवाण्या शब्दाचा अर्थ कळला. तोवर मला वाटायचं की ही कॉम्प्युटरवाल्यांची हौस आहे. फाइल खुल्या स्टँडर्डची आहे म्हणजे तिच्या आत काय कुठं लिहिलंय हे जाहीर आहे, कोणीही ते वाचून ती उघडणारा प्रोग्राम लिहू शकतो. बनवणारी कंपनी बुडाली तरी फाइल उघडते. वहीसारखं. वही उघडायला वही बनवणारा कारखाना चालू असावा लागत नाही.

नकाशांच्या बाबतीत हे ठरवणारी एक मोठी संस्था आहे, ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियम. १९९४ पासून कंपन्या, सरकारी खाती, विद्यापीठं तिथं एकत्र बसून ठरवतात. त्यांचं डब्ल्यूएमएस हे स्टँडर्ड तुम्ही नकळत वापरलंही असेल. इस्रोचं भुवन आहे ना, त्याचे नकाशे या पद्धतीनं थेट क्यूजीआयएसमध्ये दिसू शकतात. पत्ता टाकला की तिकडून नकाशाचं चित्र येतं. चित्र येतं हे लक्षात ठेवा, आतली माहिती नाही. माहितीच हवी असेल तर त्यासाठी डब्ल्यूएफएस हे वेगळं स्टँडर्ड आहे, आणि ते देणारे कमी. ताटाचा फोटो पाठवणं आणि डबा पाठवणं, एवढा फरक. (आणि हो, डब्ल्यूएमएसच्या १.१.१ वरून १.३.० आवृत्तीवर येताना ४३२६ साठी अक्षांश-रेखांशाचा क्रम उलटा झाला. हे ऐकून मी मोठ्यानं हसले होते. म्हणजे मी एकटीच नाही.)

खुली फाइल म्हणजे चांगली फाइल असंही नाही बरं का. शेपफाइल घ्या. एस्री कंपनीनं १९९८ मध्ये तिची रचना जाहीर केली, तेव्हापासून ती सगळीकडे. पण नावाला एक फाइल, प्रत्यक्षात निदान तीन. एकात आकार, एकात अनुक्रमणिका, एकात माहितीचा तक्ता. माप कुठलं ते चौथ्या, पीआरजे फाइलमध्ये. कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर नुसती एसएचपी पाठवतं आणि विचारतं, उघडत का नाही? आणि मराठीचे तर हालच. कॉलमच्या नावाला फक्त दहा बाइट. देवनागरीचं एक अक्षर-चिन्ह साधारण तीन बाइट खातं. म्हणजे "विहीर" हा शब्दही मावत नाही. वेलांट्या धरून ते पंधरा बाइट होतात. वर एन्कोडिंग नीट सांगितलं नाही तर अख्खी गावं प्रश्नचिन्हं होऊन येतात.

म्हणून आम्ही सगळं जिओपॅकेजमध्ये ठेवलं. तेही त्याच कन्सॉर्शियमचं स्टँडर्ड, २०१४ चं. एकच फाइल, आत एसक्यूलाइटचा डेटाबेस, मराठी नावं व्यवस्थित, मापाचा नंबर आतच. क्यूजीआयएस आता नवी फाइल करताना आपणहून हेच सुचवतो. शिवाय वर्षातून दोनदा त्याची एक साधी सीएसव्ही काढून ठेवतो, कारण ती फोनवरच्या कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये उघडते. आणि तिची प्रिंट गुरुजींच्या वहीत चिकटवतो. हसू नका.

वहीतली नावं आणि जागा जुळवायला आम्हाला चार रविवार लागले. "पाटलाची पडकी" म्हणजे कुठली यावरून दोन म्हाताऱ्या माणसांत जवळजवळ भांडण झालं, शेवटी तिथं पडक्या दोन निघाल्या. अठ्ठेचाळीस विहिरी नक्की जुळल्या. उरलेल्यांपुढे आम्ही "नक्की नाही" असं लिहिलं, अंदाजानं बिंदू ठोकला नाही. या एका गोष्टीचा मला अभिमान आहे.

तुमच्या फोनवर

मला मेसेज येतात, ताई लॅपटॉप नाही, काय करू? लॅपटॉपशिवाय पुष्कळ होतं.

गावात फिरून नोंदी घ्यायच्या असतील तर क्यूफील्ड हे अ‍ॅप क्यूजीआयएसच्या फाइली फोनवर उघडतं, रेंज नसली तरी चालतं. एकाने घरी बसून फॉर्म तयार करायचा, विहीर की बोअर, बांधीव की कच्ची, पाणी किती खोल, आणि बाकीच्यांनी फक्त टिचक्या मारायच्या. आकडे हातानं टाइप करायचे नाहीत, म्हणजे एक्स-वायचा घोळ मुळातच होत नाही.

दुसरं, ओपनस्ट्रीटमॅप. स्टीव्ह कोस्टनं २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू केलेला, लोकांनी मिळून काढलेला जगाचा नकाशा. त्याची माहिती कोणीही उतरवून घेऊ शकतं, फक्त श्रेय द्यायचं आणि त्यावर सुधारणा करून वाटली तर तीही खुली ठेवायची. अँड्रॉइडवर स्ट्रीटकम्प्लीट नावाचं अ‍ॅप आहे, ते चालता चालता प्रश्न विचारतं. हा रस्ता डांबरी का? या दुकानाची वेळ काय? उत्तर दिलं की नकाशात जातं. माझ्या मामेबहिणीनं बारावीच्या सुट्टीत गावातले निम्मे रस्ते असे पुरे केले. एकच पथ्य पाळायचं, दुसऱ्या कंपनीच्या नकाशात बघून नावं उतरवायची नाहीत. स्वतः पाहिलेलं किंवा परवानगी असलेलंच टाकायचं.

परवानगीवरून आठवलं. भारतात नकाशा करायला आधी मंजुरी लागते अशी भीती अजून बऱ्याच जणांना आहे. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनंतर भारतीय व्यक्तींना आणि संस्थांना माहिती गोळा करायला आणि नकाशे करायला आधी मंजुरी घ्यावी लागत नाही. मात्र संवेदनशील जागांचे नियम आहेत. लष्करी ठिकाणाजवळ जाऊन हौस करू नका.

आम्ही सगळं मात्र सगळ्यांसाठी खुलं केलेलं नाही, आणि यावर माझं आणि पोरांचं बरंच वाजलं. सार्वजनिक विहिरी, हापसे, बारव, बंधारे ओपनस्ट्रीटमॅपवर टाकले. खाजगी बोअर आणि त्यांची खोली टाकली नाही. कोणाच्या बोअरला किती पाणी आहे ही माहिती बाहेर गेली की टँकरवाल्यापासून जमीन घेणाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या कामाची असते. पोरं म्हणाली, ताई तूच तर खुलं खुलं म्हणतेस. मी म्हटलं, फाइलची रचना खुली ठेवू, मजकूर कोणाला दाखवायचा ते ज्याची विहीर त्यानं ठरवायचं. ग्रामसभेत विचारलं, सतरा जणांनी हो म्हटलं, बाकीच्यांनी नाही. त्या सतरा खुल्या आहेत. चुलत्यांची त्यात आहे, मामांची नाही. हे घरी अजून कोणाला सांगितलेलं नाही, आता ऐकतीलच.

या मे महिन्यातल्या नोंदी झाल्यात. दोरी गुरुजींचीच, पण आता खाली ती माझी मामेबहीण सोडते आणि गुरुजी वर सावलीत बसून आकडा ओरडून घेतात. अठ्ठेचाळीसपैकी एकतीस विहिरींत पाणी वहीतल्या पहिल्या मे महिन्यापेक्षा खाली आहे. बाकीच्या सतरांत का नाही, याचं उत्तर आमच्याकडे अजून नाही. नकाशावर बघितलं तर त्यातल्या अकरा एकाच ओढ्याच्या काठाला, जुन्या बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला येतात. पुढच्या रविवारी त्या बंधाऱ्यावर जाणार आहोत, ऑक्टोबरनंतर त्यात पाणी किती दिवस टिकतं ते आसपासच्या लोकांना विचारायला. जे कळेल ते सांगते. तोवर तुमच्या गावाचे आकडे उलटे करून बघा आणि कुठं उतरलात ते कमेंटमध्ये कळवा. कोल्हापूरवाल्यांनो, पोहता येतं ना?

भेटू पुढच्या भागात.